कौसाबाईच्या निघण्याचे दोन शॉट

अंजू,

तुझ्या दहाव्याला घाटावर चार जणांनी माईकवरून तुला श्रद्धांजली वाहिली आणि चौघांनीही तुला 'शांत, मनमिळाऊ स्वभावाची' म्हटलं. मी मागे बायकांत बसले होते. मला हसू फुटलं गं. तोंडाला पदर लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिच्या त्या हाताने मग मला खरंच रडू आलं.

शांत म्हणे! भर लग्नात स्टेजवर चढून 'ओ मामा, जरा मागं सरका, नवरीपेक्षा तुमचं पोट जास्त येतंय' असं नवऱ्या मुलाच्या मामाला सांगणारी बाई शांत? घाटावर एक पोरगा मोबाईलवर ते सगळं लाईव्ह दाखवत होता. तुझ्या फोटोच्या फ्लेक्सवर त्याने कॅमेरा धरला तर तुझं कपाळ निम्मं कापलेलं. तू असतीस तर उठून त्याचा हात धरून वर केला असतास. 'बाईच्या डोक्यावर एक हंडा बसंल एवढी जागा सोडायची,' हे तुझं हेडरूमचं माप. पारनेरच्या कॉलेजातल्या मुलींना तू ते शिकवलंस तेव्हा त्या हसल्या होत्या, पण त्यानंतर एकीनेही कुणाचं डोकं कापलं नाही.

दत्ताभाऊजी म्हणाले होते, "नीलमताई, तुमी बी चार शब्द बोला. तुमच्याइतकं तिला कोन वळखत हुतं?" मी नाही म्हटलं. बायको गेलेल्या माणसाला नाही म्हटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. पण मला तुझ्याविषयी बोलायचंच नव्हतं. मला तुझ्याशी बोलायचं होतं, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मी सोडणार नाही. तू मेलीस म्हणून जिंकलीस, असं होत नसतं.

आपण धंदा सुरू केला तेव्हा केडगावात लोकांना वाटलं, दोघी ब्यूटी पार्लर काढतायत. बायका शूटिंग करतात हे पटायलाच वर्ष गेलं. मग हळदीला आणि डोहाळजेवणाला आपल्याला बोलावणी यायला लागली, कारण आपल्यासमोर बायका मोकळ्या नाचायच्या, पदराची फिकीर करायच्या नाहीत. तेव्हापासून आपली वाटणी ठरलेली. तू मांडवाच्या मागे ट्रायपॉडवर, सगळं एका फ्रेममध्ये घेणारी. मी हातात कॅमेरा घेऊन पुढे घुसणारी, मेंदीचे हात, नाकातली नथ, पाठवणीला नवरीच्या आईचे डोळे. पाठवणीनंतर वधूपक्षाचा पहिला प्रश्न काय असायचा, आठवतं? 'रडन्याचं आलं का नीट?' माझ्यामुळे ते नेहमी नीट आलं. तुझा शॉट त्यानंतर कुणी मागायचं नाही.

तरी तू लांब उभी राहायचीसच. वर तुझी ती सवय. माणूस फ्रेममधून निघून गेलं तरी तू कॅमेरा बंद करायची नाहीस. गाडी गेली, वऱ्हाड गेलं, नुसता मांडव आणि सांडलेल्या अक्षता, आणि बाई उभ्या आहेत तशाच. मी एडिटिंगला बसले की तुझ्या प्रत्येक शॉटची शेपूट कापायची आणि शिव्या घालायची. तू म्हणायचीस, "मानूस गेल्यावं जागा कशी दिसती ते बघायचं असतं, नीले." मी म्हणायचे, जागेला कोण बघतंय, लोक माणसं बघायला येतात.

लग्नांचा कंटाळा आधी तुला आला. 'लग्नात सगळी कॅमेऱ्याकडं बघून हासत्यात. मला कॅमेरा इसरलेलं मानूस पायजे,' म्हणालीस, आणि आपण व्हिडिओ गोष्टी करायला लागलो. एका बाईची एक गोष्ट, पाच-सात मिनिटांची. गोष्ट शॉटमधून कशी सांगायची हे मुलींना शिकवताना तू भाकरी घेतलीस. आधी अख्खं स्वयंपाकघर, म्हणजे बाई कुठे आहे ते कळतं. मग कमरेपासून वर बाई, म्हणजे काय करतेय ते कळतं. मग परातीतले हात. मग चेहरा. आणि शेवटी तिच्या खांद्यावरून तवा, म्हणजे तिला काय दिसतं ते कळतं. एक मुलगी म्हणाली, मॅडम, यात भाकरी करपली. तू म्हणालीस, करपू दे, तोही शॉट घे. आणि मग ती करपलेली भाकरी तूच खाल्लीस.

कौसाबाई तुलाच सापडली. खर्ड्याच्या पलीकडची ती वाडी, दसरा-दिवाळीनंतर जिथली निम्मी घरं ऊसतोडीला निघून जातात. पुण्याच्या एका संस्थेला ऊसतोडीच्या बायकांवर फिल्म हवी होती आणि तू म्हणालीस, बायकांवर नाही करायची, एका बाईवर करू. पहिल्या दिवशी मी उभ्याने तिची मुलाखत घ्यायला लागले तर तू मला खसकन खाली ओढलंस. ती जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. "तिच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा आण. वरून बघितलं की तहसीलदार वाटतीस," म्हणालीस. कौसाबाई ते ऐकून इतकी हसली की नंतर तिला आपलं काहीच अवघड वाटलं नाही. तिने एकच अट घातली होती. "आधी माझ्या दारात मला दावा. मंग जगाला दावा." तू तिच्या हातावर हात मारून हो म्हणालीस.

आणि मग गेल्या वर्षीची ती सकाळ, जिच्यावरून आपण वर्षभर भांडलो. ऊसतोडीची टोळी निघायची होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण, कोंबड्यांची डालगी आणि त्यावर माणसं. कौसाबाईची साक्षी सहावीत, म्हणून या वेळी तिला पहिल्यांदाच आजीजवळ मागे ठेवायचं ठरलं होतं. आपण लग्नातल्यासारखीच वाटणी केली. तू रस्त्यापलीकडे बांधावर ट्रायपॉड लावलास, घर, अंगण, ट्रॅक्टर, रस्ता सगळं येईल असा. मी ट्रॉलीच्या पलीकडच्या अंगाला गेले. कौसाबाई चढली आणि घराकडे पाठ करून बसली. पोरगी अंगणातून 'आई, आई' करत होती, पण ही काही वळेना. मी होते तिच्या समोर. झूम केलं. काय चेहरा होता अंजू तो! ओठ घट्ट मिटलेले, नाक फुगलेलं आणि डोळ्यांतून नुसती धार. ट्रॅक्टर हलेपर्यंत मी तो चेहरा सोडला नाही. मला माहीत होतं, अख्ख्या फिल्मचा जीव त्यात आहे.

तू म्हणालीस, तो वापरायचा नाही.

"तिनं पाठ का केली? कुनी बघू नये म्हनून केली. आन तू पुढून जाऊन काढलास. हे चोरलेलं हाय."

मी म्हटलं, चोरलेलं असेल तर पाठवणीतली सगळ्या आयांची तोंडं चोरलेलीच आहेत, त्यावर दोघींचं घर चाललं तेव्हा तुला काही वाटलं नाही. त्यावर तू दोन दिवस बोलली नाहीस. मग आलीस ती तुझा शॉट घेऊन. म्हणालीस, फिल्म यावर संपव. मी म्हटलं, यात काय आहे? मुंगीएवढी माणसं. ट्रॅक्टर जातो, धुरळा उडतो आणि मग तुझी ती लांबलचक शेपूट, रिकामं अंगण आणि त्यात हिंडणारी एक पोरगी. पुण्याचे लोक चहा प्यायला उठतील.

मी अजूनही म्हणते, चेहऱ्याशिवाय लोकांना कळत नाही. जवळ गेल्याशिवाय दुःख दिसत नाही. आणि तू म्हणायचीस, जवळ गेलं की एकटीचंच दिसतं, बाकीचं कापलं जातं. वैशाखात टोळी परत आली तेव्हा आपण पुन्हा वाडीवर गेलो. कौसाबाई बोलता बोलता म्हणाली होती, पोरगी महिनाभर फोनवर आलीच नाही, आजीकडे फोन देऊन पळायची. का, तर माहीत नाही. ते रेकॉर्ड करून आपण परत आलो आणि जामखेडपासून केडगावपर्यंत पुन्हा त्याच दोन शॉटवरून कचाकचा भांडलो.

गणपतीत तुला ताप आला. डेंग्यू काय, सगळ्यांनाच होत होता. मी दवाखान्यात आले तेव्हा तू उशाला टेकून बसली होतीस, सलाईन चालू, आणि मला म्हणालीस, "माझा शॉट शेवटपातूर बघितलास का गं?" मी म्हटलं, बघितला, आधी बरी हो, मग भांडू. तू म्हणालीस, "न्हाई बघितलास तू. बघितला असतास तर..." आणि नर्स आली. मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तुला मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि त्यानंतर तू बोलण्यासारखी राहिली नाहीस. बघितला असतास तर काय, अंजू? इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि नेमकं तेवढंच वाक्य अर्धं टाकून गेलीस. मला तुझा राग येतो. खरंच येतो.

दहावा झाल्यावर दत्ताभाऊजींनी तुझा ट्रायपॉड स्टुडिओत आणून ठेवला. त्याच आठवड्यात पुण्याच्या साहेबांचा फोन आला. वाईट वाटलं वगैरे म्हणाले, मग म्हणाले, मॅडम, फिल्म अर्धवट असेल तर आहे तेवढी द्या, आमचा एडिटर जुळवून घेईल. त्यांना माझा क्लोजअप माहीत होता. ट्रेलरसाठी तोच हवा होता. म्हणजे मला जे हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. तू नव्हतीस, अडवणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, नाही, फिल्म आमची आम्ही पुरी करणार. आणि आधी ती वाडीवर दाखवणार, टोळी निघायच्या आत. साहेब म्हणाले, पण आता तुम्ही एकट्याच ना? मी म्हटलं, हो, एकटीच.

बसले एडिटिंगला. बाकीची फिल्म झाली, पण शेवट होईना. तुझा शॉट लावून बघितला, माझा लावून बघितला. शेवटी दोन्ही सुटे ठेवले आणि लॅपटॉप घेऊन वाडीवर गेले. ट्रॅक्टर दोन-तीन दिवसांत यायचा होता. अंगणात गोधड्या वाळत होत्या, कोयत्यांना धार लावणं चाललं होतं. तुझी बातमी त्यांना फोनवर कळवली होतीच. कौसाबाईने मला बघितलं आणि गळ्यात पडली. "लांब उभी ऱ्हायची ती बाई गेली व्हय वं," म्हणाली. तुझं नाव तिला कधी पाठ झालं नव्हतं.

दिवेलागणीला ओसरीत पोत्यांवर लॅपटॉप ठेवला. शेजारच्या बायका आल्या. साक्षी आजीला टेकून मागे बसली. फिल्म सुरू झाली तशी हसाहशी झाली, ही बघ तुझी शेरडी, हे बघ तुझं खरकटं. शेवटाला आल्यावर मी थांबवलं आणि कौसाबाईला सांगितलं की दोन शॉट आहेत, एक तुझ्या तोंडाचा आहे, तू लपवलेल्या. तुला नको असेल तर आत्ता इथे पुसून टाकते. हे मी तुझ्यासाठी म्हटलं, अंजू. मला ते पुसायचं नव्हतं.

ती म्हणाली, "आधी त्या बाईचं दावा. ती लांबून काय काढती हे मला लई दिवसांचं बघायचं हुतं."

लावला. ट्रॅक्टर गेला. धुरळा खाली बसला. बायका उठायला लागल्या, त्यांना वाटलं संपलं. कौसाबाई मात्र पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकली. अंगणभर पाचट, कागद, दोऱ्यांचे तुकडे, ट्रॉली भरताना सांडलेलं सगळं. साक्षी कोपऱ्यातून झाडू उचलते. दोन पावलं येते, रस्त्याकडे बघते आणि थांबते. दारातून आजी हात हलवून काहीतरी म्हणते. पोरगी मान हलवते, झाडू पुन्हा भिंतीला लावून ठेवते आणि त्या कचऱ्यातच फतकल मारून बसते.

हे मी पन्नासदा पाहिलं होतं आणि मला त्यात कामाचा आळस करणारी एक पोरगी दिसली होती.

कौसाबाईने मागे वळून लेकीकडे बघितलं. "केर काढला न्हाईस व्हय गं?"

साक्षीने आजीकडे बघितलं. आजीच म्हणाली, "आगं, दुपारपातूर काढू दिला न्हाई हिनं. म्या म्हनलं, घान झाली, काढ की. तर म्हनती, आई आत्ताच गेलीया, लगेच काढला तर माघारी येत न्हाई. मलाच शिकवाया लागली."

घरचं माणूस गावाला निघालं की त्याच्यामागे लगेच झाडू मारत नाहीत. आपल्या दोघींच्या घरी हेच पाळतात गं. मला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण ते एवढंसं दिसत होतं आणि मला चेहरा हवा होता. तुला कळलं होतं का? दवाखान्यात तेच सांगत होतीस का? आता हे विचारायचं कुणाला?

कौसाबाई रडली, पण या वेळी तोंड न लपवता. "मला वाटलं, ट्रॅक्टर हलला की पळाली आसंल खेळाया. फोनवं बी येईना, म्हनलं इसरली आपल्याला."

तेव्हा मागून साक्षी फणकाऱ्याने बोलली, "इसरली तर तू हुतीस. यकदा बी मागं बघितलं न्हाईस. म्या किती हाका मारल्या."

मी माझा शॉट लावला, अंजू. परवानगी विचारली नाही. तू असतीस तर माझा हात धरला असतास, पण मी लावला. अख्खा पडदा भरून कौसाबाईचं तोंड. मिटलेले ओठ, ती धार, आणि आवाज ऐक, त्या शॉटमध्ये आवाज कसला आहे ते मीही कधी नीट ऐकलं नव्हतं. मागून लांबून साक्षीच्या हाका येतायत आणि प्रत्येक हाकेला कौसाबाईचे डोळे मिटतायत. साक्षी उठून पुढे आली. आईच्या शेजारी बसली. पडद्यावरच्या आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे मला का न्हाई दावलंस?" कौसाबाई म्हणाली, "तू रडली असतीस, तर म्या उतरले असते बाळा. मंग कसं झालं असतं?"

थोड्या वेळाने डोळे पुसून कौसाबाई मला म्हणाली, "दोनी बी ऱ्हाऊ द्या. हिला माझं दिसलं न्हवतं आन मला हिचं. बाकीच्यांनी बघितलं तर बघितलं." आणि मग स्वतःच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा बघून, "आगं बया, पर तोंड कसलं झालंय माझं, माकडावानी!" म्हणून खदखदून हसली. साक्षीही हसली.

परवा टोळी गेली. मी गेले होते. शूटिंग केलं नाही, नुसती बांधावर उभी राहिले, तू उभी होतीस तिथेच. कौसाबाई या वेळी घराकडे तोंड करून बसली होती.

आपण दोघीही बरोबर होतो, असं म्हणून मी हे मिटवणार नाही. तुझा शॉट माझ्यापेक्षा मोठा निघाला, हे कबूल आहे. पण माझा नसता तर ती पोरगी अजून आईवर रुसलेलीच असती, हे तुलाही कबूल करावं लागेल. बघायला पाठवलेली कच्ची फिल्म पाहून पुण्याचे साहेब काल फोनवर म्हणाले, मॅडम, ट्रॅक्टर गेल्यावर तसं काही घडत नाही, तिथे कट घेऊ या. मी म्हटलं, घडतं, परत बघा. ते म्हणाले, प्रेक्षक थांबत नाहीत हो. मी म्हटलं, मग तुम्ही तुमची दुसरी करून घ्या. आमच्याकडे लग्नातला मोठा पडदा आहे, गावोगाव आम्ही दाखवू. फोनवर 'आम्ही' म्हणाले मी, साहेबांनी हटकलं नाही. संध्याकाळी त्यांचाच मेसेज आला, आहे तशी पाठवा.

आज सकाळी पाठवली. नावाच्या पाटीवर कॅमेरा म्हणून दोघींची नावं आहेत, तुझं आधी. तुझा शॉट अख्खा आहे, शेपटीसकट, पोरगी कचऱ्यात बसेपर्यंत. त्यानंतर माझा. म्हणजे फिल्म माझ्या क्लोजअपवर संपते. नाही, माझाच शेवटी हवा, मी खूप विचार केलाय. आधी पोरगी वाट बघताना दिसायला हवी, मग आई. तू म्हणणार उलटं कर, मला माहीत आहे, आणि कदाचित तुझंच खरं असेल. पण फाईल गेली. पटत नसेल तर ये, आणि बदल.